सलाइनमधलं फॅट बदललं तर कावीळ उतरेल?

लेकीचं आतडं बरंच कापलंय, पोषण शिरेतूनच. आता डोळे पिवळे, डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलं की रक्तात साचणारं पिवळं द्रव्य) वाढलेलं. डॉक्टर सोयाबीन तेलाची पांढरी बाटली काढून माशाच्या तेलाची लावू म्हणतात. फरक पडतो का हो?

— आमच्या पोराला पडला, पण धीर धरा, आठवडे जातात. सोया तेलातले फायटोस्टेरॉल (वनस्पतींमधले कोलेस्टेरॉलसारखे घटक) पित्ताची वाट अडवतात. ओमेगावेनला, म्हणजे माशाच्या तेलाच्या त्या बाटलीला, अमेरिकेत २०१८ मध्ये याच त्रासासाठी मान्यता मिळाली; डोस किलोमागे दिवसाला १ ग्रॅम.

— मग फॅट बंदच केलं तर?

— छे, मुळीच नको! आवश्यक फॅटी ॲसिड कमी पडली की कातडी कोरडी, खवल्यांसारखी होते, वाढ खुंटते. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) मात्र तपासत राहा.

— तोंडाने थोडंफार दूध पचतंय का, तेही विचारा ताई. यकृताला त्याची मोठी मदत होते.