मॅरेथॉनच्या आठ दिवस आधी १० किलोमीटरची रेस: धावू की नको?

पहाटेची धाव

नमस्कार मंडळी. माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आली आहे आणि चार तासांच्या आत पोचायचं मनाशी पक्कं केलंय. तयारी ठरल्याप्रमाणे झाली. सगळ्यात लांबची धाव ३२ किलोमीटरची झाली, त्यातले शेवटचे ८ किलोमीटर मॅरेथॉनच्या वेगाने. आता टेपर, म्हणजे रेसआधी अंतर कमी करत नेणं, सुरू झालंय.

मॅरेथॉन रविवारी, आणि तिच्या आदल्या आठवड्यात शनिवारी १० किलोमीटरची रोड रेस आहे, म्हणजे बरोबर आठ दिवस आधी. आमच्या ग्रुपमधले बहुतेक जण ती धावणार आहेत, पण त्यांच्यापैकी कुणालाच मॅरेथॉन धावायची नाही. माझा १० किलोमीटरचा सगळ्यात चांगला वेळ ५२ मिनिटं आहे, पण तो जुना आहे. आता ५०च्या आत येईन असं आतून वाटतं. तो आकडा हातात असला तर स्टार्ट लाइनवर उभं राहताना खूप धीर येईल. टेपर लागल्यापासून पाय उलट जडच वाटतायत, आणि इतक्या महिन्यांची मेहनत कुठे गळून तर जाणार नाही ना, ही काळजी रात्री झोपू देत नाही.

पूर्ण जोर लावून धावू, सावकाश धावू, की त्या दिवशी जाऊच नको? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

दहाचा दम

ताई, बिनधास्त धावा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने २० जुलैला १०,००० मीटरचं सुवर्ण जिंकलं, २४ला ५,००० मीटरचं आणि २७ला मॅरेथॉनचं. ती त्याची आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन होती! म्हणजे तुमच्यापेक्षा एक दिवस कमीच मिळाला होता त्याला. आणि २०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या सिफान हसनने ९ ऑगस्टच्या रात्री १०,००० मीटरमध्ये कांस्य घेतलं आणि ११च्या सकाळी २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली, तीही ऑलिंपिक विक्रमासह. शरीर आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ सोसतं.

स्नायू आणि सांधे

मी फिजिओथेरपिस्ट आहे. वरची दोन्ही उदाहरणं खरी आहेत आणि मलाही ती फार आवडतात, पण त्यांवरून आपला निर्णय घेऊ नये. ती माणसं वर्षानुवर्षं आपल्या कितीतरी पट अंतर धावत आलेली असतात आणि १०,००० मीटर त्यांचं अर्ध्या तासात उरकतं. तुम्ही तोच जोर ५० मिनिटं, डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर लावणार.

खर्च झालेली ऊर्जा हा इथे प्रश्न नाही. नीट खाल्लं तर स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा एक-दोन दिवसांत भरून येतो. खरा प्रश्न स्नायूंच्या तंतूंना होणाऱ्या बारीक इजेचा आहे. ही दुखण्याची कळ धावल्यानंतर २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त जाणवते. रस्त्याला उतार असेल तर मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणखी भार येतो, कारण उतरताना ते ताणले जात असतानाच शरीराला आवर घालत असतात.

जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकांचा एक साधा ठोकताळा आहे: रेसच्या दर ३ किलोमीटरमागे एक दिवस हलकं धावायचं. त्या हिशोबाने १० किलोमीटरनंतर तीन-साडेतीन दिवस लागतात, म्हणजे मंगळवार-बुधवारपर्यंत तुम्ही सावराल. सगळं सुरळीत गेलं तर! पोटरी किंवा मांडीचा मागचा स्नायू थोडा जरी ओढला गेला, तर तो सुटायला बऱ्याचदा दोन-तीन आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तुमच्याकडे नाहीत. उलट बाजूला फायदा जवळपास शून्य. जोराच्या धावेचा परिणाम अंगात मुरायला साधारण दहा दिवस किंवा अधिक लागतात, त्यामुळे त्या शनिवारी कमावलेलं पुढच्या रविवारी वापरता येणार नाही.

उशिरा सुरुवात

माझा अनुभव थोडा वेगळा. मी मॅरेथॉनच्या दहा-बारा दिवस आधी ५ किलोमीटरची रेस जोरात धावते आणि मला ती मानवते. टेपरमध्ये अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करायचं पण वेग अगदीच सोडायचा नाही, असं बहुतेक प्रशिक्षक सांगतात, आणि नुसतं रमतगमत धावलं की माझे पाय खरंच मठ्ठ होतात. पण ५ आणि १० यांत फरक आहे हे मान्य. ५ किलोमीटरनंतर दोन दिवसांत मी पूर्ववत होते, १०नंतर होत नाही.

चार तासांचा पेसर

मी मॅरेथॉनमध्ये चार तासांचा झेंडा घेऊन धावतो, म्हणजे चार तासांत पोचू पाहणाऱ्यांनी माझ्या वेगाने यायचं, त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. तुमच्यासारखी माणसं सुरुवातीला माझ्या मागे असतात, आणि ती ३२ किलोमीटरनंतरही माझ्या मागेच राहावीत यासाठी माझा सगळा खटाटोप असतो.

फिजिओंनी पायांचं सांगितलंच आहे. मला जास्त धास्ती त्या आकड्याची वाटते, ज्याने तुम्हाला धीर येईल असं तुम्ही म्हणताय.

कमी अंतराच्या वेळेवरून लांब अंतराची वेळ काढायचं पीट रीगल यांचं सूत्र आहे. अंतर किती पट वाढलं त्याचा १.०६वा घात घ्यायचा आणि त्याने वेळेला गुणायचं. १० किलोमीटरवरून मॅरेथॉनला जाताना हा गुणक साधारण ४.६ येतो. तुमच्या ५२ मिनिटांवरून ३ तास ५९ मिनिटं निघतात, म्हणजे तुमचं ध्येय त्या जुन्या वेळेशीही जुळतंय. आता समजा, टेपरमुळे ताज्या पायांनी, गर्दीच्या जोशात तुम्ही ४९ मिनिटांत आलात. सूत्र म्हणेल ३ तास ४५. तिथून पुढचे आठ दिवस तुमच्या डोक्यात ३:४५ घोळत राहील. रविवारी तुम्ही माझा झेंडा सोडून किलोमीटरला ५ मिनिटं २० सेकंद (५:२०) या वेगाने पुढे निघाल, आणि तो वेग २५ किलोमीटरपर्यंत अगदी सोपा वाटेल. हे सूत्र गृहीत धरतं की तुमची लांब अंतराची तयारी तुमच्या वेगाच्या तोडीची आहे. पहिल्या मॅरेथॉनला ती सहसा नसते. दम असतो, पण चाळीस किलोमीटर आपटून घेतलेल्या मांड्या नसतात. मला ३५व्या किलोमीटरला चालताना भेटणारे बरेच जण १० किलोमीटरला माझ्यापेक्षा वेगवान असतात.

उलटंही होतं. जड पायांनी ५३ मिनिटं लागली तर? ती वेळ तुमच्या तयारीबद्दल काहीच सांगत नाही, टेपरमध्ये असं होतंच. पण तुम्ही लिहिताय की आत्ताच झोप लागत नाही. मग तो आठवडा कसा जाईल याचा विचार करा.

तरीही घरी बसा असं मी म्हणणार नाही. आकडा हवाच असेल तर तो आत्ता घ्या. मॅरेथॉनला अजून तीन आठवडे आहेत. एक-दोन हलक्या दिवसांनंतर, सपाट रस्त्यावर, नीट वॉर्म-अप करून एकट्यानेच १० किलोमीटर जोरात धावा. सावरायला पुरेसा वेळ आहे आणि केलेली मेहनत अंगी लागायलाही. माझ्या मते जोराच्या १० किलोमीटरची खरी जागा दोन ते तीन आठवडे आधी, हाफ मॅरेथॉनची तीन ते चार आठवडे आधी.

आणि त्या शनिवारी ग्रुपबरोबर जरूर जा, पण मॅरेथॉनच्या वेगाने धावा. चार तासांसाठी ५:४१ प्रति किलोमीटर, म्हणजे १० किलोमीटरला जवळपास ५६ मिनिटं ५० सेकंद. त्या सकाळी मॅरेथॉनचेच बूट, मोजे आणि कपडे घाला, नाश्ताही तोच आणि तितकाच वेळ आधी करा. आजूबाजूचे सगळे सुसाट निघालेले असताना पहिला किलोमीटर ५:५०ने जायचं. हे घरून वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे, आणि मॅरेथॉनच्या सुरुवातीला नेमकं हेच लागतं. एकट्याच्या सरावात ते शिकता येत नाही, कारण तिथे ओढणारं कुणी नसतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. घड्याळाचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांपाशी वेळ बघा. मॅरेथॉनचा प्रमाणित मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारी एक मीटर जास्त धरतात. आपण वळणं मोठी घेतो, पाण्याच्या टेबलाकडे जातो-येतो, आणि उंच इमारतींमध्ये जीपीएसही भरकटतं. त्यामुळे शेवटी घड्याळ ४२.१९५ऐवजी ४२.६ किलोमीटर दाखवतं. घड्याळात सगळीकडे ५:४१ दिसत असेल आणि अंतर ४२.६ भरलं, तर तुम्ही ४ तास २ मिनिटांनी पोचता. पूर्ण वेळ "वेगात आहे" असं समजून दोन मिनिटांनी हुकणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्या पायांत ती दोन मिनिटं होती. १० किलोमीटरला ही पाट्यांची सवय करून बघा. ५ किलोमीटरच्या पाटीवर २८ मिनिटं २५ सेकंद, आणि मोजायचं ते आपण स्टार्टची (वेळ नोंदवणारी) चटई ओलांडल्यापासून.

पहाटेची धाव

सगळ्यांचे मनापासून आभार. पाट्या आणि घड्याळाचं मला अजिबात माहीत नव्हतं. या रविवारी एकटीने जोरात धावते आणि त्या शनिवारी ५:४१ने. दोन शंका आहेत. आमच्या ग्रुपची पद्धत अशी की रेस संपल्यावर सगळे मिळून आणखी ६-७ किलोमीटर सावकाश धावतात. त्यात जाऊ का? आणि रविवारचा आकडा खूप चांगला आला तर मग खरंच ध्येय बदलायचं नाही?

स्नायू आणि सांधे

जास्तीचे किलोमीटर अजिबात नकोत. दहा मिनिटं चाला, घामाचे कपडे लगेच बदला आणि वेळेवर जेवा. शेवटच्या आठवड्यात सर्दी-खोकला झाला तर ती आठ दिवसांतही पुरती जात नाही, त्यामुळे गर्दीत कुणी शिंकत-खोकत असेल तर लांब राहा, एकमेकांच्या बाटलीतून पाणी पिऊ नका. आणि उतारावर ५:४१ सांभाळायला पाय आपटत ब्रेक लावू नका, छोटी पावलं टाका.

चार तासांचा पेसर

आकडा ४८ आला तरी ३० किलोमीटरपर्यंत चार तासांच्याच वेगाने या. तिथे पाय हलके असतील तर उरलेल्या १२ किलोमीटरमध्ये दर किलोमीटरला १० सेकंद काढा. दोन मिनिटं मिळतील, आणि मी मागे राहिलो तर मला आनंदच होईल. जेल (धावताना ऊर्जेसाठी घ्यायचं गोड पाकीट) कोणतं आणि किती किलोमीटरला घेता ते लिहा, त्या शनिवारी त्यातलं एक ८व्या किलोमीटरला घेऊन बघता येईल.