भरतीच्या नदीकाठी वडिलांना संध्याकाळी न्यायचंय, वेळ कोणती धरावी?

कातरवेळ
आमच्या घरामागची नदी समुद्रापासून जवळ आहे, भरतीचं पाणी आमच्या काठापर्यंत चढतं. कामावरून आल्यावर तिच्या काठाने एक फेरी मारायची मला वर्षानुवर्षांची सवय. आता बाबा आमच्याकडे राहायला आलेत. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही, पण नदीवर जायची हौस दांडगी. पाणी काठोकाठ असलं की तासभर खुशीत बसतात. नुसता चिखल दिसला की दहा मिनिटांत "चल, काही नाही आज" म्हणून उठतात. पाणी कोणत्या दिवशी असेल हे आधी कसं ओळखायचं? आणि चिखलाच्या दिवशी एका जागी बसून बघण्यासारखं काही असतं का? जाणकारांनी सांगावं.

सुकाणू
दिवसातून दोन भरत्या येणाऱ्या किनाऱ्यावर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणजे भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आज संध्याकाळी सहाला नदी तुडुंब असेल, तर आठवड्याने सहालाच तळ उघडा पडलेला दिसेल, आणि पंधरवड्याने पुन्हा तुडुंब.

यातून सोपी युक्ती निघते. एका ठिकाणी अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीची घड्याळातली वेळ जवळजवळ ठरलेली असते. तेव्हा येत्या पौर्णिमेला सहाला पाणी कसं आहे ते बघून ठेवा. भरलेलं असेल, तर दर अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बाबांना न्या. चिखल असेल, तर तुमचे दिवस अष्टमीच्या आगेमागे. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी उधाणाएवढं चढत नाही, पण सहाला मिळतं नक्की.

छापील वेळापत्रक बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, ते बंदराचं असतं. नदीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. त्यातली वेळ आणि तुमच्या काठावर पाणी चढायचं थांबलं ती वेळ, यांतला फरक एकदा टिपून घ्या. एरवी तो बऱ्यापैकी टिकतो. नदीला पूर असताना किंवा समुद्राकडून जोराचा वारा असताना त्यावर विसंबू नका.

पाणकाठी
सुकाणूंचं गणित चोख आहे. पण मी म्हणेन, भरलेली नदी बघायला नेऊ नका, वळणारी नदी बघायला न्या. पूर्ण भरतीच्या थोडं आधी जाऊन बसा. पाण्यावरचं एखादं पान हेरा. ते उलटं, डोंगराच्या दिशेने चाललेलं असतं. हळूहळू रेंगाळतं, जागच्या जागी फिरतं, आणि मग समुद्राकडे निघतं. बहुतेक वेळा काठालगतचं उथळ पाणी आधी वळतं आणि मधला प्रवाह अजून वरच जात असतो. दोन प्रवाह एकमेकांना घासतात तिथे फेस आणि काटक्यांची लांबलचक रेघ धरते.

नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, नांगरलेली होडी समोर असेल तर फारच छान. वारा पडलेला असला की तिची नाळ प्रवाहाच्या तोंडाशी असते. भरतीत समुद्राकडे, ओहोटीत वरच्या अंगाला. अख्खी होडी फिरताना बघायला मिळते. बाबा उठायचं नाव काढणार नाहीत.

निवांत
चिखलाला "काही नाही" म्हटलेलं बघून राहवलं नाही. नदी सगळ्यात गजबजलेली असते ती तेव्हाच! ओला चिखल उन्हात सोनेरी-तपकिरी दिसतो ना, ती मातीची झाक नव्हे. डायटम नावाची सूक्ष्म शैवालं ओहोटीला उजेड मिळवण्यासाठी वर येतात आणि पाणी परतायच्या आत पुन्हा चिखलात उतरतात. त्यांच्यावर गोगलगायी, खेकडे जगतात, आणि खेकड्यांवर पक्षी. उष्ण प्रदेशातली नदी असेल तर निवट्या (चिखलातले छोटे मासे) दिसतील, कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत चिखलावरून सरकणाऱ्या. एक नांगी अवाढव्य असलेला खेकडा दिसला तर तो नर. नांगी हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नरांना दटावतो.

माझी शिफारस: ओहोटी लागल्यावर पहिल्या दीड-दोन तासांत जा. तेव्हा चिखलाची पट्टी अरुंद आणि काठाला लागून असते, त्यामुळे भुकेले पक्षी जवळ येतात. पूर्ण सुकतीला ते लांब पांगतात. दुर्बीण न्या, आणि सूर्य पाठीशी राहील असं बसा, समोरून तिरीप आली की नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात.

चंद्रकोर
काळजीचं सांगते. हिरव्या झालेल्या पायऱ्यांवर बाबांना उतरवू नका. शेवाळ वरून सुकलेलं दिसलं तरी निसरडं असतं. काठावर पाला-काटक्यांची ओळ दिसते, अलीकडची भरती तिथवर आली होती. खुर्ची तिच्या बऱ्याच वरच्या अंगाला ठेवा, उधाणाला तर आणखी वर. मागच्या बाजूने एखादा ओहळ नदीला मिळत असेल तर ती जागा टाळा, पाणी आधी तिथूनच शिरतं. आणि टॉर्च जवळ असू द्या.

कातरवेळ
सगळ्यांचे मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं. होडी कुठे नांगरलेली असते ते त्यांना पाठ आहे, लगेच जागा ठरवून टाकली. त्यांची एक शंका: गेल्या गेल्या पाणी चढतंय की उतरतंय हे कसं ओळखायचं? आणि चढायला लागलं तर किती वेळ हातात असतो?

सुकाणू
पुलाचा खांब किंवा धक्क्याची भिंत बघा. पाण्याच्या वर ताजी ओली, काळसर पट्टी दिसली तर उतरतंय. कोरड्या दगडाला पाणी टेकलेलं असेल तर चढतंय. लाटांनी शिंतोडे उडत असतील तर पाण्याच्या रेषेवरचा एक दगड धरून पाच-दहा मिनिटं थांबा.

वेळेचं म्हणाल, तर पाणी एकसारखं चढत नाही. उघड्या किनाऱ्यावर साधारण सहा तासांची भरती धरली, तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्शाएवढंच पाणी वाढतं, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मा चढ होतो. नदीत आत आल्यावर भरतीचा काळ आणखी आखडतो आणि ओहोटी लांबते, त्यामुळे चढ भराभर होतो. आधी काही वाटत नाही, मग बघता बघता पाणी पायाशी येतं. म्हणून पाणी वळताना बघायला जाल तेव्हा वाटेचा सखल भाग आधी बघून या. परतीच्या वाटेवर पाणी येत असेल, तर बाबांना दुसऱ्या बाजूने न्या.