थारला तेहतीस इंची टायर आणि लिफ्ट: मुंबईकराला कशाला हवंय?

चाकोरी
पावसाळा तोंडावर आला की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर महिंद्राच्या थार जीपवाल्यांची गर्दी होते. मागणी ठरलेली: तेहतीस इंची मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर, आणि दोन इंची लिफ्ट, म्हणजे उंच स्प्रिंग टाकून गाडी वर उचलणं. माझं मत स्पष्ट आहे. मुंबईत राहून कधीतरी रविवारी कर्जत-मुरबाडकडे जाणाऱ्याने या भानगडीत पडू नये. कंपनीच्याच मापाचे चांगले ऑल टेरेन, म्हणजे रस्ता-कच्चा दोन्हीकडे चालणारे टायर घ्या, खराब वाटेवर टायरची हवा कमी करून नंतर परत भरायला एक कंप्रेसर घ्या, उरलेल्या पैशाचं डिझेल जाळा.

आकडे बघा. अलॉय चाकांच्या थारला २५५/६५ आर १८ येतात (रुंदी मिमीमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत), व्यास साधारण ७८९ मिमी. लोक टाकतात २८५/७५ आर १६, म्हणजे ८३४. फरक ४५ मिमीचा, पण अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, उचलला जातो त्याच्या निम्माच. म्हणजे मागच्या डिफखाली (डिफरन्शियल, अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा) मिळाले जेमतेम २२-२३ मिमी. आणि लिफ्टने? काहीच नाही. मागचा अ‍ॅक्सल सलग आहे. स्प्रिंग उंच केली की बॉडी वर जाते, डिफ होता तिथेच राहतो. दगड लागतो तो नेमका त्यालाच.

पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, तिथे तर उलटाच कारभार. लिफ्टने चाकं फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्या कोनात फिरून त्यांच्या सांध्यावरचा रबरी बूट लवकर फाटतो. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की खर्चाला तयार राहायचं.

मुरबाडी
साहेब, गणित बरोबर आहे, पण चिखलात कधी उतरलात? जुलैत आमच्या खाचरांकडे जायचा रस्ता म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेले दोन चर आणि मध्ये उंचवटा. कंपनीच्या टायरवर गाडी त्या उंचवट्यावर पोटावर बसते आणि चारही चाकं नुसती फिरत राहतात. तिथे तुमचे २२ मिमी म्हणजे घरी पोचणं. आणि डिफ सोडून गाडीला पोट नाही का? चेसिसखाली लिफ्टचे दोन इंच पूर्ण मिळतात.

ऑल टेरेनच्या खाचा आमच्या मातीने भरल्या की टायर पाटीसारखा गुळगुळीत. मड टेरेनचे रबरी गट्टे एकमेकांपासून लांब लांब असतात, फिरता फिरता चिखल फेकून देतात. हवा कमी करायची युक्ती अलिबागच्या वाळूत ठीक आहे, चिखलाच्या चरात तिचा फार उपयोग नाही.

गिरगावकर
मुरबाडींना सगळं माफ. पण आमच्या गल्लीत असं एक धूड उभं असतं, त्याला चिखल म्हणजे मेट्रोच्या खोदकामाचा तेवढा ठाऊक. मूळ थारच्याच बॉनेटसमोर लहान पोर उभं राहिलं तर दिसायची मारामार, त्यात गाडी आणखी वर. लिफ्टनंतर हेडलाइट खाली सेट करायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, सगळा उजेड पुढच्या रिक्षावाल्याच्या आरशात. आणि ओल्या काँक्रीटवर त्या लांब लांब गट्ट्यांची पकड रस्त्याच्या टायरपेक्षा कमीच असते. ब्रेक मारून बघा, मागे कुणी नसताना.

दुसरा_गिअर
हिंदमाताला पाणी भरतं म्हणून लिफ्ट घेतली म्हणणारेही भेटतात. थारला कंपनी ६५० मिमी पाण्याची खोली सांगते. लिफ्टने इनटेक, म्हणजे इंजिनाचं हवा घेणारं तोंड, दोन इंच वर जातं हे खरं, पण उघडं मॅनहोल दिसत नाही ते नाहीच, आणि शेजारून बेस्टची बस गेली की लाट वेगळीच. त्या दिवशी गाडी घरी ठेवा की राव.

जड, मोठ्या चाकाने गिअरिंगही साडेपाच टक्क्यांच्या आसपास लांब होतं, म्हणजे त्याच गिअरमध्ये गाडीची ओढ तेवढी कमी. सायन सर्कलला रांगत जाताना क्लचला विचारा.

चाकोरी
स्पीडोमीटरच्या काट्याचंही तेच. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४-८५ ने असते. कोस्टल रोडवर मर्यादाच ८० ची.

मुरबाडी
कंपनीचे काटे मुळातच थोडं जास्त दाखवतात. मोठ्या टायरने उलट ते खऱ्याच्या जवळ येतात. चलनाची भीती दुसऱ्याला घाला.

कागदवाला
भीती चलनाची नाही, कायद्याची आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लिफ्ट एक, टायर दोन, बंपर तीन, करा बेरीज. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिलं हेच बघतो. न कळवलेल्या बदलावरून क्लेम अडकला तर दुकानदार फोन उचलणार नाही.

मुरबाडी
मग त्या दुकानांवर उघड विक्री चालते ती कशी? पकडायचं तर आधी तिथे जा.

कागदवाला
दुकानात मिळतं म्हणून रस्त्यावर चालतं असं नाही. १८२ अ मध्ये विक्रेतेही येतात, पण तुमच्या आरसीवर नाव तुमचं आहे.

चाकोरी
मुरबाडी, तुमच्यासाठी एक कायदेशीर वाट सुचवतो. स्टीलच्या चाकांवर कंपनीच २४५/७५ आर १६ देते. तेच चाक, त्याच मापात मड टेरेन. टायरची भिंत १६६ ऐवजी १८४ मिमी, त्यामुळे हवा काढल्यावर टायर जास्त पसरतो, दगडावर रिमही वाचतो. स्टेपनीही त्याच मापाची. तेहतीस इंची स्टेपनी मागच्या दारावर लटकवली की बिजागऱ्या कुरकुरायला लागतात, ते वाचेल.

मुरबाडी
त्याचा व्यास ७७४. म्हणजे अ‍ॅक्सल आहे त्याहून सात मिमी खाली आणायचा सल्ला आहे हा! जुलैत या एकदा गाडी घेऊन. ट्रॅक्टर आणि साखळी बांधावर तयार ठेवतो.