विषय: लाकडी होड्यांचा उत्सव आणि सुकाणूवर बसलेला बेळगावकर

प्रेषक: शहापूरकर (सध्या गावी)

मंडळी, नमस्कार.

दसऱ्याला बेळगावात आलोय. शहापुरात पहाटे चारलाच डोळे उघडतात, म्हणून राहिलेलं लिहून टाकतो. पोर्ट टाउनसेंडचं काय झालं म्हणून तिघाचौघांनी विचारलं होतं.

नव्या मंडळींसाठी : पोर्ट टाउनसेंड हे अमेरिकेतलं, सिएटलकडचं बंदराचं गाव. सिएटलहून एडमंड्सला जायचं, फेरीनं किंग्स्टन आणि पुढं तासाभराचा रस्ता. तिथं 1977 पासून दर सप्टेंबरात शुक्रवार ते रविवार लाकडी होड्या जमतात, तीनशेच्या आसपास. 1913 सालची 'अ‍ॅडव्हेंचरेस' बघून घ्या. दोन डोलकाठ्यांची नौका, टोकापासून टोकापर्यंत 133 फूट. आमच्या जुन्या घराच्या तुळया इतक्या नीट राहिल्या असत्या तर घर पाडावं लागलं नसतं.

मी होतो ऑफिसातल्या एकाच्या 24 फुटी होडीवर. पोहायला शिकलो ते मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. पोर्ट टाउनसेंडचं पाणी सप्टेंबरातही अकरा-बारा अंशांचं, त्यामुळं लाइफ जॅकेट चहा पितानाही काढलं नाही.

मालकानं सुकाणूचा दांडा हातात दिला आणि धक्क्याच्या डावीकडून काढ म्हणाला. मी दांडा डावीकडं ढकलला, होडी निघाली उजवीकडं, सरळ धक्क्यावर. घाबरून आणखी ढकलला. तो ओरडतोय, मी ढकलतोय. मग एकदम आठवली मामाची उसाची ट्रॉली. ट्रॉली मागं घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, ते चिकोडीच्या कारखान्याच्या रांगेत शिकलो होतो. त्यानंतर चुकलो नाही. गोऱ्याला वाटलं, पोरगं हुशार आहे. ऊस कोण समजावत बसतंय!

दुसरं असं की शिडाची होडी वाऱ्याच्या तोंडावर सरळ जातच नाही. साधारण 45 अंशांचा कोन धरून तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूनं तिरकं. चोर्ला घाटासारखं, वळणं घेत घेत वर. फरक एवढाच की प्रत्येक वळणाला शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून सपकन या बाजूची त्या बाजूला जाते. तेव्हा ओरडून सांगतात. मी "काय?" म्हणून मान वर केली. टेंगूळ अजून आहे, आईनं काल हळद लावली.

शनिवारी दुपारी वारा पडला. दीड तास एकाच जागी. चिरमुरे संपले.

रविवारी शेवटी सगळ्या होड्या एकदम शिडं उभारून बाहेर पडतात. डाव्या अंगानं वारा घेणाऱ्यानं उजव्या अंगानं घेणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम पाठ करून गेलो होतो. प्रत्यक्षात चहूकडं शिडं दिसायला लागल्यावर डावं कुठलं तेच कळेना. मालकाला म्हटलं, घे बाबा तुझं सुकाणू.

— शहापूरकर

प्रेषक: खानापूरचे काका

अरे बाळा, मेल वाचला. तिथल्या लोकांना "आमच्याकडं समुद्र नाही" असं सांगून आला नाहीस ना? म्हादई उगवते कुठं? आपल्या खानापूर तालुक्यात, देगावच्या रानात. तीच पुढं गोव्यात मांडवी होते. आणि कणकुंबीची मलप्रभा त्याच तालुक्यातून उलट्या दिशेला, पूर्वेला जाते. एका तालुक्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो, समुद्र नाही कसा?

नौदलाच्या शिडाच्या नौकेचं नाव 'म्हादई' आहे, 56 फुटी, गोव्यातच बांधलेली. तिच्यावरून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीला फेरी मारून आले. अभिलाष टॉमी 2012-13 मध्ये कुठंही न थांबता. तिचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा, वरून फायबर. तुझ्या त्या उत्सवात तिला लाकडी म्हणून आत घेतलं असतं काय?

— काका

प्रेषक: निपाणीची आक्का

काकांनी नदी काढली की पाणीवाटपाचा वादही निघतो, तो इथं नको बाबांनो. भावा, मला एवढंच सांग, पोरांना घेऊन जाण्यासारखं आहे का? आणि गाठी शिकवतात म्हणे?

— आक्का

प्रेषक: शहापूरकर

काका, तसंच सांगून आलो होतो. पुढच्या वर्षी दुरुस्त करतो. पट्ट्या चिकटवून केलेल्या होड्या तिथं होत्या; जुनी मंडळी शेजारी उभं राहून नाकं मुरडत होती, पण हात फिरवून बघतही होती.

आक्का, जरूर न्या, फक्त स्वेटर घ्या. गाठींचं म्हणाल तर 'बोलाइन' म्हणून एक आहे, फास केला तरी आवळत नाही. शिकायला मला अर्धा दिवस लागला. इथं आल्यावर बाबांना ऐटीत करून दाखवली. ते म्हणाले, "ही गायीच्या गळ्याची." दावं मागवलं, माझ्याकडं बघत, दोरीकडं न बघता, बांधून दाखवली.

शनिवारी पहाटे चोर्ल्यानं पणजीला जातोय, मांडवीचं मुख बघायला. गाडीत दोन जागा आहेत. काका, एक तुमची. कुंदा किती आणू ते सोमवारपर्यंत कळवा, बॅगेत आता चारच किलो बसतील.

— शहापूरकर