तौक्ते वादळात मोडलेले कांदळवन (खारफुटीचे जंगल) पुन्हा कसे उभे करावे?

खाडीकाठ (जून 2021):
नमस्कार. मी गोराई खाडीजवळ राहते. 17 मे रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले, तेव्हा कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटरपर्यंत पोहोचला होता. आमच्या वस्तीमागच्या तिवरांच्या (ही खारफुटीची एक जात) पट्ट्याची त्यात फार हानी झाली. कित्येक झाडांच्या फांद्या पिळवटून तुटल्या आहेत, काही झाडे आडवी झाली आहेत आणि लाटांबरोबर आलेला प्लास्टिक-थर्माकोलचा कचरा मुळांवर गुडघाभर साचून राहिला आहे. एक संस्था या पावसाळ्यात कांदळाची (ही खारफुटीची दुसरी जात) 1000 रोपे देण्यास तयार आहे. मोडकी झाडे तोडून त्या जागी ही रोपे लावावीत, की ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पुढच्या चिखलात लावावीत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वनस्पतीमित्र:
ताई, मोडकी तिवरे तोडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तिवराच्या खोडात सुप्त डोळे असतात, त्यामुळे फांद्या गेल्या तरी मुळे शाबूत असलेले झाड पुन्हा फुटते. कांदळाच्या जून लाकडात ही क्षमता नसते, म्हणून ते असे मोडले की बहुधा संपते. तिवराला निदान दोन पावसाळे द्यावेत.

आधी कचऱ्याकडे लक्ष द्या. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळे ही तिवराची श्वासमुळे होत. खाजणाच्या, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाऱ्या जमिनीच्या, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून झाड या मुळांवरच्या छिद्रांतून हवा घेते, आणि ती दीर्घकाळ झाकलेली राहिली तर वादळातून वाचलेले झाडही नंतर गुदमरून मरते. कचरा ओहोटीच्या वेळी, हातानेच काढावा, कारण जेसीबी आत नेला तर चिखल दाबला जातो आणि श्वासमुळे मोडतात. अर्थात, वनखात्याच्या कांदळवन कक्षाला कळवूनच हे काम हाती घ्यावे.

पुढच्या चिखलातील लागवडीला माझा स्पष्ट विरोध आहे. कांदळवने साधारणपणे भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे सरासरी समुद्रपातळीच्या वर वाढतात. त्याखाली रोप फार वेळ पाण्यात बुडून राहते. श्रीलंकेत 2004च्या त्सुनामीनंतर मोठ्या उत्साहाने कांदळवने लावण्यात आली, परंतु चुकीच्या जागांमुळे आणि देखभालीअभावी त्यांपैकी बहुतेक लागवड वाया गेली. शिवाय तो चिखल ओसाड नसतो. निवट्या (चिखलात सरपटणारे लहान मासे), खेकडे आणि त्यांवर जगणारे पाणपक्षी यांचे ते घरच आहे.

दर्याकिनारा:
वरील सर्व गोष्टी पटतात. आम्हा कोळ्यांच्या अनुभवातली एक गोष्ट जोडतो. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आमच्या भागातले एकही तिवर उन्मळून पडले नव्हते. मात्र पुरात वाहून आलेल्या गाळाने आणि राडारोड्याने बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर जाण्याची वाट, बुजली. भरतीचे पाणी आत येईना, पावसाचे बाहेर जाईना, आणि दोन वर्षांत बांधाआडची तिवरे उभ्या उभ्या वाळली. पुढे आम्ही चार-पाच घरच्या माणसांनी ओहोटी साधून उघाडी मोकळी केली. पहिल्यांदा निवट्या परतल्या, मग चिंबोऱ्यांची बिळे दिसू लागली, आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात भरतीबरोबर आलेले तिवराचे बी आपोआप रुजले. आम्ही एकही रोप लावले नव्हते. म्हणून ताईंनी आधी पाण्याची वाट पाहावी, असे मला वाटते: उधाणाचे पाणी पट्ट्यात कोठून शिरते आणि ओहोटीनंतर कोठे अडून राहते?

खाडीकाठ:
आपणा दोघांची मनापासून आभारी आहे. काल ओहोटीला आम्ही काही शेजारी जाऊन आलो. पट्ट्याच्या उत्तरेकडच्या लहान ओहोळाच्या तोंडाशी दोन आडवी झाडे आणि त्यांना अडकलेली जाळी, ताडपत्री यांचा बांधच झाला आहे आणि मागे काळे, कुबट पाणी साचले आहे. मोडलेल्या तिवरांपैकी काहींच्या खोडावर मात्र हिरवे कोंब दिसले. ते पाहून फार बरे वाटले. परवानगी घेऊन आधी ते तोंड मोकळे करू. रोपांचे काय करावे?

वनस्पतीमित्र:
या वर्षी रोपे घेऊ नयेत. तिवराची फळे पावसाळ्यातच पिकून गळतात, तेव्हा ओहोळ लवकर मोकळा झाल्यास याच हंगामातले बी आत येईल. दोन पावसाळ्यांनंतरही जागा रिकामी राहिली, तर तुमच्याच खाडीतील बियांपासून तिवराची रोपे तयार करा. तिवरांच्या पट्ट्यात कांदळ लावण्याचे कारण मला दिसत नाही.