मदत हवी आहे: अँटीमॅटरवर चालणाऱ्या यानातली उष्णता टाकायची कुठे?

नमस्कार मंडळी. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात टर्बाइनवर नोकरी झाली, आता नाशिकरोडला घरीच असतो. अकरावीतल्या नातीने परवा विचारलं, "आबा, एक टनाचं यान प्रकाशाच्या एक दशांश वेगाला न्यायचं तर तुमचं एकलहरे किती दिवस चालवावं लागेल?" मी ठोकून दिलं, महिनाभर. मग कागद घेऊन बसलो आणि तोंडावर आपटलो. साधारण साडेबारा हजार कोटी युनिट लागतात. मिळून 630 मेगावॅटचे तिन्ही संच पूर्ण लोडवर, एकदाही ट्रिप न होता, म्हणजे मध्येच बंद न पडता (जुने सहकारी वाचत असतील तर हसू नका) 22-23 वर्षं चालायला हवेत! एवढं करून 4.24 प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा सेंटॉरी हा तारा गाठायला 42 वर्षं. तिथे थांबायचं तर ब्रेकची ऊर्जा वेगळीच.

तेव्हा कोळसा बाद. प्रतिद्रव्य (अँटीमॅटर) मात्र साध्या द्रव्याला भेटलं की दोन्ही पूर्ण संपून ऊर्जाच उरते, त्यातली बरीच गॅमा किरणांच्या रूपात. काही वाया गेलं नाही असं धरलं तर अडीच किलो प्रतिद्रव्य आणि तेवढंच साधं द्रव्य पुरतं. आजवर बनलेलं प्रतिद्रव्य नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं हे ठाऊक आहे, त्यामुळे 'आणणार कुठून' हे कृपया सांगू नका.

माझं घोडं अडलंय पुढे. आमच्याकडे कोळशातल्या उष्णतेची जेमतेम एक तृतीयांश वीज व्हायची, बाकीची कूलिंग टॉवर आणि चिमणीवाटे बाहेर. अंतराळात ना पाणी ना वारा. मग वाया गेलेली उष्णता जाते कुठे? आणि गॅमा किरणांनी यान ढकलतात तरी कसं?

प्रतिसाद 1
काका, इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन घेतले तर बहुतेक गॅमाच हाती येतात, म्हणून प्रोटॉन-प्रतिप्रोटॉनचा विचार करतात. त्यांच्यातून आधी पायॉन नावाचे अल्पायुषी कण निघतात. विद्युतभारित पायॉन चुंबकीय नोझलने थेट मागे फेकायचे, बॉयलर-टर्बाइनची भानगडच नाही. पण साधारण तिसरा हिस्सा उदासीन पायॉनांतून लगेच गॅमा होतो. त्यातले जे यानावर आदळतील ते ढाल तापवणार. ती उष्णता फक्त प्रारणानेच, म्हणजे तापलेल्या पत्र्यातून किरणांच्या रूपात, बाहेर जाते. या पत्र्याचं, म्हणजे रेडिएटरचं, केल्विनमधलं तापमान दुप्पट केलं की तेवढ्याच पत्र्यातून सोळापट उष्णता निघते. म्हणून तो लालबुंद ठेवायचा.

प्रतिसाद 2
वीजघर घरीच ठेवा की! 2016 मध्ये जाहीर झालेल्या ब्रेकथ्रू स्टारशॉट या प्रकल्पाची कल्पना तीच होती: काही ग्रॅमचं यान, पातळ शीड आणि जमिनीवरून 100 गिगावॅटचा लेझर.

धागाकर्ता
दोघांचे आभार. 100 गिगावॅट म्हणजे दीडशेच्या वर एकलहरे, तेही काही ग्रॅमसाठी. नातीला सांगतो.
रेडिएटरचं मात्र उलटंच निघालं. टर्बाइनमधल्या वाफेचं परत पाणी करणारा कंडेन्सर थंड राहावा म्हणून आम्ही जीव टाकायचो, त्यातला व्हॅक्यूम जरा पडला की लोड उतरवावा लागायचा. इथे थंड बाजूच लालबुंद! पण दिवे, संगणक यांना यानात वीज लागणारच. ती उष्णतेवरच करायची असेल तर रेडिएटर जितका गरम तितकी वीज कमी मिळणार. मग रेडिएटर लहान ठेवायचा की वीज जास्त काढायची, हे ठरवतात कशावर? कोणी आकडेमोड करून दाखवेल का?