टॉवरमधली लाइफस्टाइल: कुणाचं काय घेतलं?

खडूस_परळकर
काल एका सभासदाने इथे लिहिलं, "लक्झरीला नाकं मुरडणाऱ्यांना ती परवडत नाही, एवढंच खरं. लोअर परळला ४२व्या मजल्यावर राहतो, कष्टाच्या पैशाने. कुणाचं काय घेतलं?" उत्तर प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा.

तुमचा टॉवर उभा आहे ती गिरणीची जमीन. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ५८ प्रमाणे अशा जमिनीचे साधारण तीन वाटे होते: पालिकेला मोकळी जागा, म्हाडाला घरं, उरलेलं मालकाला. २००१मध्ये नियम फिरवला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जागेची. शेड पाडून मोकळी होणारी जागा हिशेबातून गायब. २००६ला सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. खाली जी बाग सगळ्यांची व्हायची, ती तुमच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर चढली आणि गेटवर नाव-नंबर लिहून द्यावा लागतो. माझे वडील ८२च्या गिरणी संपात घरी बसले ते बसलेच.

बेचाळिसावा_मजला
वा, माझ्या नावाने धागा! नियम फिरवला सरकारने, जमीन विकली मालकाने, शिव्या मला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात जण होतो. संडासाच्या रांगेत उभं राहून पाढे पाठ केलेत. चाळीचे उमाळे येणाऱ्यांनी पहाटे उठून पाणी भरून बघावं. आईचे गुडघे गेलेत, तिला घरात कमोड आणि दाराशी लिफ्ट मिळाली. ही चैन असेल तर असू दे.

तिरपी_रेघ
लिफ्टवरून आठवलं. कामवाल्यांना वेगळी लिफ्ट आहे का हो तुमच्याकडे?

बेचाळिसावा_मजला
सर्व्हिस लिफ्ट आहे. सामान, कचरा, डिलिव्हरीवाले, स्टाफ. सगळ्याच टॉवरात असते.

तिरपी_रेघ
कचरा आणि माणसं एका ओळीत बसवलीत, छान. माझी सख्खी मावशी अशाच एका टॉवरात पोळ्यांना जाते. सर्व्हिस लिफ्ट बंद होती, वॉचमनने मेंबर लिफ्टला हात लावू दिला नाही. एकवीस मजले चढून गेली बाई. वर मॅडम म्हणाल्या, "आज उशीर?" आणि त्यांचा लॅब्राडोर मेंबर लिफ्टनेच फिरायला जातो.

माजी_सेक्रेटरी
कुत्र्याला लिफ्टबंदी करता येत नाही, पशुकल्याण मंडळाच्या तशा मार्गदर्शक सूचनाच आहेत. मी नोटीस लावली होती, काढावी लागली. पण खरा जाच मेंटेनन्सचा. महिना साडेसात हजारांवर गेला की १८ टक्के जीएसटी. पोहायला कोणी उतरत नाही, तलावाचं बिल मात्र सगळ्यांना.

तिरपी_रेघ
म्हणजे कुत्र्यासाठी मंडळ आहे. मावशीसाठी?

जर्सी_सिटीकर
आमच्याकडे इथे भांडी आपली आपणच घासतो, त्यामुळे हा प्रश्नच

माजी_सेक्रेटरी
आलात? तुमचीच वाट बघत होतो.

खडूस_परळकर
धागा कुत्र्यांनी नेला! आईच्या गुडघ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ब्रोशरमध्ये गुडघे नसतात. तिथे असतं 'एक्सक्लुझिव्ह', 'मोजक्या कुटुंबांसाठी'. बिल्डर सोय विकत नाही, बाकीचे आत येणार नाहीत याची हमी विकतो. पैसे त्याचेच मोजलेत तुम्ही.

बेचाळिसावा_मजला
मोजले. बरं, तुमच्या चाळीच्या रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगमध्ये गेट आणि जिम कोणी मागितलं? तिथले दोघे ऑफिसात आहेत माझ्या, सगळं कळतं.

खडूस_परळकर
जिम मी मागितली नाही. गेट मागितलं, कारण बाहेरचे लोक गाड्या आत लावतात.

बेचाळिसावा_मजला
बाहेरचे लोक! 😂 ब्रोशर आता तुम्हीच लिहा.

खडूस_परळकर
पार्किंग आणि पोडियम एक नाही. समजून घ्यायचंच नसेल तर राम राम.

तिरपी_रेघ
लिफ्टचं उत्तर अजून आलेलं नाही.

बेचाळिसावा_मजला
बाई, पिच्छा सोडा. सोसायटीच्या वार्षिक सभेत, एजीएममध्ये मांडतो विषय. हरलो तर मला बोलायला येऊ नका.

तिरपी_रेघ
एजीएम कधी आहे?